नाकतोड्याचा संप

रविवार, ३

आजवर तीनदा डायरी लिहिली आणि तिन्ही वेळा मी अंथरुणात होतो. एकदा गुडघा, एकदा घोटा, एकदा मांडीच्या वरचा कसलासा स्नायू. पडून पडून माणूस करणार काय, म्हणून लिहायचो. या वेळी चांगला दोन पायांवर उभा आहे (त्यातला एक वाकत नाही, पण उभं राहायला कुठे वाकावं लागतं). मात्र घर आपलं नाही, पलंग आपला नाही, आणि उद्या सकाळी एका दहा वर्षांच्या पोराच्या शिरेत सुई घालायची आहे. म्हटलं लिहावं, तेवढंच डोकं हलकं होईल.

ताई दुपारी गेली. ऑफिसने बढती दिली आणि पाच आठवड्यांच्या ट्रेनिंगला लांब धाडलं. ती जायलाच तयार नव्हती. मीच छाती पुढे काढून म्हटलं, "अगं जा, मी आहे ना." तेव्हा फार बरं वाटलं होतं. आता सुयांची पाकिटं तिसऱ्यांदा मोजतोय.

अडचण अशी की तिच्या लेकाला, म्हणजे आमच्या नाकतोड्याला, माझाच आजार आहे. हिमोफिलिया. रक्त गोठायला जो घटक लागतो तो आमच्या अंगात जन्मापासून नाहीच म्हटलं तरी चालेल. आईकडून मुलाकडे येतो हा वारसा. आमच्या आईने मला दिला, ताईने तिच्या पोराला. लोकांना वाटतं, बोट कापलं की आम्ही आटोपलो. बोटाचं काही नाही हो, दाबून धरलं की थांबतं. खरी गोम आत असते. काही लागलेलं नसताना सांध्यात रक्त उतरतं, आणि असं पुन्हा पुन्हा झालं की सांधा कुरतडला जातो. माझा डावा गुडघा असाच गेला. तेव्हा औषध म्हणजे बर्फ, पट्टी आणि "पडून राहा".

नाकतोड्याच्या नशिबाने जग सुधारलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी तो घटक त्याला शिरेतून द्यायचा, घरच्या घरी, दुखत असो नसो. दुखायच्या आधीच द्यायचा, यातच सगळं आलं. म्हणून पोराचे गुडघे अजून कोरे करकरीत आहेत आणि तो घरभर उड्या मारत असतो. नाकतोडा हे नाव उगाच नाही पडलं.

दाजी अग्निशामक दलात आहेत. धुराने भरलेल्या घरात बिनधास्त शिरतात, म्हाताऱ्या माणसांना खांद्यावर टाकून जिने उतरतात. पण सुई दिसली की गडी पांढराफटक. म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी शिवणयंत्रं दुरुस्त करणारा, माझं आयुष्य सुयांमध्येच गेलं, असं ताईचं म्हणणं.

लिफ्टच्या दारात तिने पुन्हा एकदा बजावलं. वेळ चुकवायची नाही. सुट्टीतल्या शिबिरात तो स्वतः टोचून घ्यायला शिकलाय, पण एकट्याने कधीही नाही, समोर मोठं माणूस हवंच. "आणि त्याच्याशी वाद घालू नकोस," ती म्हणाली, "हरशील." दहा वर्षांच्या पोराशी? मी?

सोमवार, ४

हुश्श. झालं एकदाचं.

खरं तर मी नुसती सुई घातली, बाकी सगळं त्यानेच केलं. मी उठायच्या आत औषधाची बाटली फ्रिजमधून काढून, काखेत धरून साहेब दात घासत होते. थंडगार औषध शिरेत सोडलं तर हात ठणकतो, म्हणून आधी ते अंगाच्या उबेला आणायचं. "गरम पाण्यात बुडवू की," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने चूळ भरायला गेलो.

मग टेबल पुसलं, हात धुतले, आणि माझे हात तपासले. "मामा, नखं." यंत्राच्या तेलाची काळी रेघ इतक्या वर्षांत कुणाला खुपली नव्हती, ती आज त्याने ब्रशने घासायला लावली. पावडरीच्या बाटलीत पाणी सोडल्यावर मी ती खळाखळा हलवणार तोच ओरडला, "हलवू नको! फेस होतो. नुसती फिरव. आत बाळ झोपलंय असं समज."

शीर पहिल्या फटक्यात मिळाली. नळीत लाल ठिपका दिसला आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. औषध सावकाश सोडलं, सुई काढली, कापूस दाबला. त्याने पापणीसुद्धा हलवली नाही. उलट मलाच विचारतो, "ठीक आहेस ना?" आणि मग म्हणाला, "पास. पण आधी घाम पुसत जा, टपकेल."

दाजी तोवर गॅलरीत झाडांना पाणी घालत होते. गॅलरीत एकच कुंडी आहे. इतकं पाणी घातलं की खालच्या मजल्यावरच्या बाई वर बघून ओरडल्या.

बुधवार, ६

आजही पहिल्या फटक्यात. दाजी गॅलरीत. कुंडीतलं झाड पिवळं पडत चाललंय, आठवड्यातून तीनदा बुडतं बिचारं.

कापूस दाबून बसला असताना नाकतोड्याने विचारलं, "मामा, तुझे वार कुठले?"

"मला वारबीर नाहीत. मला कुठे काय होतंय? लागलं तर घेईन."

"पण डॉक्टरांनी तुलापण सांगितलंय ना, आठवड्यातून तीनदा? आई म्हणत होती."

"डॉक्टर सांगतात रे. माझे सांधे जायचे तेवढे गेले. राहिलेले कुरकुरणारच, जुनं यंत्र आहे."

त्यावर तो गप्प बसला. एरवी पोरं गप्प बसली की मला बरं वाटतं, पण हा गप्प बसला की याच्या डोक्यात काहीतरी शिजत असतं.

माझ्या बाटल्या मी बरोबर आणल्यात, फ्रिजच्या खालच्या खणात, वेळप्रसंगासाठी. दवाखाना देतो आणि मी साठवून ठेवतो. लहानपणी एकेका बाटलीसाठी आमचे बाबा गावं पालथी घालायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे. ते बघितलेल्या माणसाचा हात दुखत नसताना बाटली फोडायला धजत नाही. सिस्टर म्हणतात, "अहो, तारीख उलटून जाते त्यांची." जाऊ दे. घरात आहेत, एवढ्यानेच मला शांत झोप लागते.

शुक्रवार, ८

पोराचं नीट झालं, माझं बिनसलं. दुकानात एका शिंप्याने जुनं पायमशीन आणलं, चाक पार जाम. सकाळभर त्याच्याशी कुस्ती खेळलो. दुपारपासून उजवं कोपर भणभणतंय. जुनंच दुखणं आहे, येतं आणि जातं. घरी येऊन बाम चोळला आणि गरम पाण्याच्या पिशवीने शेकत बसलो.

नाकतोडा गृहपाठ टाकून समोर येऊन बसला. "आत फसफसतंय का?"

"काय?"

"सोड्याच्या बाटलीचं झाकण काढल्यावर कसं होतं, तसं. दुखायच्या आधी फसफसतं. मग घट्ट वाटतं, मग गरम लागतं." माझा हात हातात घेऊन त्याने दोन्ही कोपरांना आलटून पालटून तळवा लावून बघितला. "मामा, हे रक्त आहे. शेकायचं नसतं. चोळायचं तर अजिबात नसतं."

खरं सांगायचं तर आत अगदी तसंच होत होतं. मला कळायला लागल्यापासून होतंय. मी त्याला हवा बदलली असं म्हणतो.

"अरे, हे वयाचं आहे," मी म्हटलं. त्याने पिशवी काढून घेतली आणि बर्फ आणून दिला. ठेवला थोडा वेळ, पोराचं मन कशाला मोडा. उद्या उतरेल.

रविवार, १०

उतरलं नाही. चहाचा कप डाव्या हाताने धरतोय आणि कुणी बघितलं तर पेपर चाळतोय असं दाखवतोय.

नाकतोड्याला पोहायच्या तलावावर घेऊन गेलो. मी बाकावर. तो पाण्याच्या कडेला उकिडवा बसतो, गुडघे थेट हनुवटीला लागतात, आणि तिथून सुटतो तो पार पलीकडे. उकिडवं बसणं! मला तर आता ते आठवतही नाही कसं असतं. तोच आजार, तेच रक्त, आणि असले गुडघे! डोळ्यांत पाणी आलं, ते मी क्लोरीनवर ढकललं. हे गुडघे काही आकाशातून पडलेले नाहीत. सोमवार, बुधवार, शुक्रवारने घडवलेत. ताईने एक सकाळ सोडलेली नाही, तापात नाही, प्रवासात नाही, नवऱ्याशी कडाक्याचं भांडण झालेलं असताना नाही. आणि तो पोरगा झोपेतून उठून हात पुढे करतो. मला या दोघांचा भयंकर अभिमान वाटतो. तोंडावर सांगणार नाही, शेफारतील.

निघताना ओल्या कपड्यांची पिशवी उचलायला गेलो आणि कोपरातून अशी कळ आली की पिशवी खाली. त्याने बघितलं. पिशवी उचलून स्वतःच्या खांद्याला लावली.

"मामा, हा हात गेला तर दुकानाचं काय?"

"डाव्याने करीन."

"खोटं," तो म्हणाला. खोटंच होतं. हा हात गेला की दुकान गेलं, हे मलाही कळतं. पण ते सुट्टीच्या दिवशी कशाला बोलायचं?

संध्याकाळी बापलेक स्वयंपाकघरात कुजबुजत होते. मी पाणी प्यायला गेलो तर दोघंही एकदम हवापाण्यावर बोलायला लागले.

सोमवार, ११

संप! माझ्या राज्यात संप!

सगळी तयारी झाली. मी नखं घासून बसलो. तर साहेब हाताची घडी घालून म्हणतात, "आज नको."

"काय नको?"

"इंजेक्शन. मला कुठे काय होतंय? लागलं तर घेईन."

असलं बोलायला कुठून शिकला कोण जाणे. शाळेतली पोरं, दुसरं काय! आणि गंमत म्हणजे टेबल पुसलेलं, हात धुतलेले, बाटली काखेत, आणि म्हणे नको. कसला हा संप? मी रागावलो, गोड बोललो, नवीन सायकलचं आमिष दाखवलं, ताईचं नाव काढलं. ढिम्म. शेवटी दाजी म्हणाले, "तुम्ही निघा मेव्हणे, दुकानाला उशीर होतोय. मी बघतो." हे काय बघणार, कप्पाळ! औषध दिसलं की ज्यांना गॅलरी आठवते ते?

दुकानातून दवाखान्यात सिस्टरना फोन लावला. या सिस्टर म्हणजे जमदग्नी. डोस तासभर लांबला तरी ताईला फैलावर घेतात. मी चाचरत चाचरत सांगितलं आणि शिव्या खायला कान तयार ठेवला.

"घरात नवीन कोणी आलंय का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"मीच आलोय."

"अस्सं," म्हणाल्या आणि चक्क हसल्या. "बरं, तुमचं कोपर कसं आहे?"

माझ्या कोपराचं यांना कुणी सांगितलं? ताईने म्हणावं तर ताईलाही मी सांगितलेलं नाही. इथे माझ्या तोंडचं पाणी पळालंय आणि बाईंना हसू सुचतंय. मोठ्या दवाखान्यांचं हे असंच असतं.

संध्याकाळी घरी आलो तर दाजींच्या कपाळावर हे एवढं टेंगूळ. कपाटाचं दार लागलं म्हणाले. आगीशी खेळणारा माणूस आणि कपाटाच्या दाराने घायाळ. ताईचा फोन आला तेव्हा मी "सगळं छान" म्हटलं. आणि लगेच फोन नाकतोड्याकडे दिला.

बुधवार, १३

आजही नाही म्हणाला. आजही बाटली काखेत. आजही दाजी म्हणाले, "तुम्ही निघा."

मी लिफ्टची वाट बघत थांबलो होतो. शाळेचे बूट घालण्याआधी तो जिन्यातल्या चार पायऱ्या एका दमात उडी मारून उतरला आणि पुन्हा वर गेला, नुसती मजा म्हणून. माझा जीव खालीवर झाला. अंगात औषध नाही. एक चुकीची उडी, आणि ते कोरे करकरीत गुडघे! माझ्या गुडघ्याची सुरुवात अशाच एका उडीने झाली होती. दिवसभर दुकानात हात काम करत होते आणि डोळ्यांसमोर तो जिना. माझ्याच पहाऱ्यात हे पोर लंगडं झालं तर मी ताईला तोंड कसं दाखवू?

घरी आल्यावर बघितलं तर कचऱ्याच्या डब्यात वरतीच कापसाचा बोळा, त्यावर रक्ताचा ठिपका. शुक्रवारचा असणार. या घरात कचरा वेळेवर टाकत नाहीत. कुंडीतलं झाड मात्र जरा सावरलंय, दाजींनी दोन-तीन दिवस पाणी घातलेलं दिसत नाही.

मग मी ठरवलं, आज काय व्हायचं ते होऊ दे. जेवणाच्या टेबलाशी नाकतोड्याला बसवलं आणि पँट वर केली. गुडघा मी कुणाला दाखवत नाही. "बघ. औषध घेतलं नाही की असं होतं."

त्याने हात लावला. बराच वेळ लावून ठेवला. त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, बरोबर वर्मी लागलंय.

"दुखतो?"

"आता नाही. आता तो लाकूड झालाय."

"आणि कोपर? ते अजून लाकूड नाही ना झालं?"

"नाही. ते अजून भांडतंय."

आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात वीज चमकली. म्हटलं, "ऐक, एक सौदा करू. तू घेशील त्या प्रत्येक वेळी मीही घेतो. दोघं एकत्र. मग तर झालं?"

त्याने लगेच हो म्हटलं नाही. जुना व्यापारी जसा माल उलटासुलटा करून बघतो तसा विचार करत राहिला. "प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

"आई आल्यावरपण? तुझ्या घरी गेलास तरी?"

"हो रे बाबा."

"मग ठीक आहे. पण आधी तुझं. आत्ता. कोपर सुजलंय."

"बरं, मग तुझंही आत्ताच देतो, दोन चुकलेत."

यावर दाजींना एकदम ठसका लागला. "नको नको, त्याचं शुक्रवारी. मी विचारलंय सिस्टरना." दाजींनी कधी विचारलं? पण म्हटलं असेल. आधीच सौदा जमलाय, त्यात खोट कशाला काढा. मी माझी बाटली फ्रिजमधून काढली. नाकतोड्याने ती आधी काखेत धरून ऊब दिली, मग मी टोचून घेतलं.

काय हट्टी पोरगा! पण शेवटी मामाने गुंडाळलाच. ताई उगाच म्हणत होती हरशील म्हणून.

शुक्रवार, १५

सकाळी दोघं शेजारी शेजारी. दोन बाटल्या, दोन काखा. त्याने बिनबोभाट हात पुढे केला, जणू संप झालाच नव्हता. मग माझी पाळी आली तेव्हा दंडाचा पट्टा त्याने बांधला. कोपराची सूज निम्मी उतरलीय. उजव्या हाताने कप धरला आणि पेपर न चाळता चहा प्यालो.

सोमवार, २५

आज माझं जरा चुकलंच असतं. सकाळीच शिंप्याचा फोन, त्याचं मशीन अडून बसलेलं. मी नाकतोड्याला टोचलं आणि चपला घालायला लागलो. "माझं संध्याकाळी घेतो," म्हटलं.

तो कापूस दाबत बसून राहिला आणि माझ्या चपलांकडे बघत राहिला. एवढंच. मी कुठल्याही थोरामोठ्या माणसाला घाबरलेलो नाही, पण ती नजर मला सोसेना. चपला काढल्या.

शिंपी थांबला. जग बुडालं नाही.

शनिवार, ३०

शर्टाचं गळ्याजवळचं बटण आज उजव्या हाताने लावलं. कितीतरी दिवसांनी तो हात तिथवर पोचला. सिस्टरना दाखवायला गेलो होतो, त्यांनी हात वाकवून, सरळ करून बघितला. जे झिजलंय ते परत येणार नाही म्हणाल्या, पण जे आहे ते आता टिकेल. "सोडू नका."

आणि आत फसफस नाही. दिवसचे दिवस नाही. शांत कोपर कसं असतं ते मला ठाऊकच नव्हतं. मी दर थोड्या वेळाने त्याच्याकडे लक्ष देऊन बघतो आणि तिथे काहीच होत नसतं. काहीच न होण्याचा एवढा आनंद होतो हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

पोराला वळण लावता लावता माझंही भलं झालं म्हणायचं. नाकतोडा तेव्हापासून एकदाही अडून बसला नाही. मुलांना हाताळायचं माझ्या अंगातच आहे बहुतेक.

शनिवार, ६

ताई आली. आल्या आल्या लेकाला मिठी, त्याचे गुडघे चाचपले, मग फ्रिज उघडला.

मी सकाळपासून घोकून ठेवलं होतं. म्हटलं, "ताई, आधी ऐक. तुझ्यापासून लपवलं मी. दोन डोस चुकलेत. तो ऐकेना, मला जमलं नाही. नंतर सगळे नीट दिलेत, पण ते दोन राहिले. डब्यात दोन बाटल्या जास्त असतील."

तिचा चेहरा उतरला. तिने डबा काढला, झाकण उघडलं, बोट लावत मोजलं. पुन्हा मोजलं.

"अरे, एकही जास्त नाहीये."

"असं कसं?"

"मीच भरल्यात ना. जेवढ्या जायला हव्यात तेवढ्या गेल्यात."

आम्ही दोघांनी एकदम दाजींकडे बघितलं. दाजी छताकडे बघत होते. नाकतोडा उठून हळूच गॅलरीत गेला आणि कुंडीला पाणी घालायला लागला.

"मी काही केलं नाही हां," दाजी म्हणाले. "मी फक्त समोर उभा होतो. मोठं माणूस समोर हवं असतं ना. तुम्ही खाली गेलात की त्यानेच टोचून घेतलं, दोन्ही वेळा. सिस्टरना आधी फोन करून विचारलं होतं त्याने. म्हणाला, बाबा, असं केलं नाही तर मामाचा हात जाईल."

"आणि ते टेंगूळ?"

दाजी लाजले. एवढा धिप्पाड माणूस, कानापर्यंत लाल झाला. "तो सुई काढेपर्यंत उभा होतो मी. कापूस लावल्यावर पडलो." मग जरा मान ताठ करून म्हणाले, "दुसऱ्या वेळी नाही पडलो."

ताई हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि मग तिने त्या टेंगळाच्या जागेवर हात ठेवला. मी उठून डबा फ्रिजमध्ये ठेवला.

रविवार, ७

आज सामान बांधलं. नाकतोडा माझ्या पलंगावर उड्या मारत होता. म्हटलं, "खाली बस. एवढं नाटक का केलंस? सरळ सांगायचं."

"सरळ सांगितलं होतं. बर्फपण दिला होता. तू म्हणालास, वयाचं आहे."

मी दोन शर्टांच्या घड्या घातल्या. मग म्हटलं, "आणि मी सौदा केलाच नसता तर?"

"मग आणखी काहीतरी केलं असतं." जरा वेळ पायाचा अंगठा ओढत बसला. "मामा, फसफसतं ते आईला सांगितलं की ती घाबरते. बाबा बर्फ आणायला पळतात. त्यांना नुसतं ऐकून माहीत आहे. तुला खरोखर माहीत आहे. या घरात दुसऱ्या कुणालाच नाही. तूच पडून राहिलास तर मी मोठा झाल्यावर कुणाला विचारू?"

मी त्याला जवळ घेतलं. त्याचं टोकदार कोपर माझ्या बरगडीत रुतत होतं. ते मी तसंच रुतू दिलं. या एवढ्याशा पोराने एकही सुई न चुकवता संप केला, बापाला उभं राहायला शिकवलं, आणि मला वाटत होतं मी त्याला गुंडाळलं. इतकं शहाणं माणूस आमच्या घरात जन्माला आलं, आणि तेही माझंच रक्त घेऊन.

सोमवार, ८

आपलं घर, आपला पलंग. सकाळी बाटली काखेत धरून चहा केला. टेबल पुसलं, नखं घासली, पट्टा काढला. आणि अडलो. इतके दिवस शेजारी कुणीतरी असायचं. घर फारच गप्प वाटायला लागलं. क्षणभर मनात आलं, दुखत तर काहीच नाहीये.

तेवढ्यात फोन वाजला, चेहरे दिसणारा. पडद्यावर नाकतोडा. ताई त्याच्या दंडाला पट्टा बांधत होती. दाजी गॅलरीत नव्हते, मागेच उभे होते. रंग उडालेला, पण उभे.

"मामा, काखेत?"

"काखेत."

"मग फोन ग्लासला टेकवून उभा कर. तुझा हात दिसू दे."

"कशाला रे? मी काय आज पहिल्यांदा टोचतोय?"

"एकट्याने टोचायचं नसतं," तो म्हणाला. "समोर मोठं माणूस हवं."

मी फोन उभा केला. शीर पहिल्या फटक्यात मिळाली. मी सुई काढून कापूस दाबेपर्यंत तो पापणी न हलवता बघत होता. मग "पास" म्हणाला आणि स्वतःचा हात ताईपुढे केला. त्याचं होईपर्यंत मीही इथून हललो नाही.

डायरी इथेच बंद करतो. अंथरुणात नाही, त्यामुळे लिहायला वेळ नाही. दुकान उघडायचंय.